ब्लूज हार्मोनिका आणि आपल्या मनाचं वाजवणं : नागपूरच्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात वडिलांचा जुना माउथ ऑर्गन आहे. त्यावर ब्लूज शिकता येईल का?

आधी त्याची भोकं बघा. एकाखाली एक अशा दोन रांगा असतील, तर तो ट्रेमोलो आहे. आपल्याकडे जुन्या घरांत बहुतेक हाच निघतो. त्यात प्रत्येक सुराला दोन पत्त्या, म्हणजे श्वासाने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या बारीक जिभा, असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित सरकवून लावलेल्या असतात. म्हणून सूर थरथरतो आणि जुनी हिंदी गाणी त्यावर फार गोड लागतात. पण प्रत्येक पत्तीचा कप्पा वेगळा असल्यामुळे सूर वाकवता, म्हणजे वाजता वाजता खाली उतरवता, येत नाही, आणि सूर वाकवल्याशिवाय ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ते संगीत, अर्धंच राहतं. बाजूला बटण असलेला क्रोमॅटिक असेल, तर तोही जपून ठेवा, मात्र सुरुवात त्यावर नको.

तुम्हाला हवी ती १० होलची, एका रांगेची डायटॉनिक हार्मोनिका. तिच्या सुरांच्या मांडणीला रिश्टर ट्यूनिंग म्हणतात. स्केल सी घ्या, कारण शिकवणीचं बहुतेक साहित्य सी धरूनच केलेलं असतं.

कोणती घ्यावी? बर्डीवर मिळेल का?

बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात नुसतं ‘माउथ ऑर्गन दाखवा’ म्हणालात तर ट्रेमोलो समोर येण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘दहा होलची डायटॉनिक, सी स्केल’ असंच मागा. नसेल तर ऑनलाइन मागवा.

होनर स्पेशल २०, सुझुकी हार्पमास्टर, ली ऑस्कर किंवा सायडेल सेशन स्टील यांपैकी कोणतीही एक पुरे. या चौघींचा कोंब, म्हणजे मधला कप्प्यांचा सांगाडा, प्लास्टिकचा आहे. होनरची मरीन बँड १८९६ पासून बनते आणि तिचा आवाज सुंदर आहे, पण तिचा कोंब लाकडी. लाकूड थुंकीने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. मे महिन्यात ४५ अंश आणि जुलैत दमट हवा, असं आपलं हवामान. अशा ठिकाणी पहिली हार्प (हार्मोनिकालाच वाजवणारे असं म्हणतात) प्लास्टिकच्या कोंबाचीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खेळण्यांच्या दुकानातली स्वस्त हार्मोनिका घेऊ नका. तिच्यातून हवा गळते, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. घेताना दहाही होल फुंकून आणि ओढून बघा. वीसच्या वीस सूर कमी श्वासात लागले पाहिजेत.

सी ची हार्प घेतली, तर जी मध्ये वाजवा असं का सांगतात?

ब्लूज मुख्यतः ओढलेल्या सुरांवर उभं आहे. सी हार्पवर १ ते ४ होल एकदम ओढले की जी चा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, वाजतो, आणि त्यात ५ मिळवला की जी सेव्हन. ओढलेला सूर वाकतो, रडतो, घासतो. खालच्या होलांवर फुंकलेल्या सुराला ते जमत नाही. म्हणून हार्पच्या स्वतःच्या सा वर न बसता तिच्या पंचमाला सा मानून वाजवतात. या पद्धतीला सेकंड पोझिशन किंवा क्रॉस हार्प म्हणतात.

पेटी येणाऱ्यांसाठी सांगायचं तर हार्प पांढरी एकची, पण तुमचा सा पांढरी पाच. मग होल असे वाचा:

१ फुंक : मंद्र म
१ ओढ : मंद्र प
२ फुंक : मंद्र ध
२ ओढ : सा (३ फुंक हाही तोच सूर)
३ ओढ : शुद्ध ग, अर्धा सूर वाकवला की कोमल ग
४ फुंक : म
४ ओढ : प; वाकवला की तीव्र म
५ फुंक : ध
५ ओढ : कोमल नि
६ फुंक : तार सा
६ ओढ : तार रे

७ ते १० सध्या विसरा. ७ पासून ओढलेला सूर फुंकलेल्यापेक्षा खालचा होतो, वाकवायची रीत उलटते, आणि नवशिक्याचा नुसता गोंधळ उडतो.

बारा बारचं ब्लूज म्हणजे काय? मला तबला थोडा येतो.

मग अर्धं काम झालंच. एका बारमध्ये चार मात्रा, बारा बारच्या अठ्ठेचाळीस. म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं. आणि ब्लूजही सोळा-सोळा मात्रांच्या तीन ओळींतच बोलतं. पहिली ओळ म्हणायची, दुसरी जवळजवळ तीच पुन्हा, तिसरीत उत्तर. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत अख्खा फेरा ३६ सेकंदांत संपतो.

खालचे कॉर्ड जी मध्ये असे बदलतात:

बार १ ते ४ : जी
बार ५, ६ : सी
बार ७, ८ : जी
बार ९ : डी
बार १० : सी
बार ११ : जी
बार १२ : डी, पुन्हा पहिल्या बारकडे न्यायला

फरक ठेक्यात आहे. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात, प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात आणि वाजतात पहिला व तिसरा. तिस्र जाती हाताला ठाऊक असेल तर आठवडाभरात अंगात भिनेल. सरळ दोन भाग पाडून वाजवलंत, तर सूर बरोबर असूनही ते ब्लूज वाटणार नाही.

हार्प हातात घेण्याआधी चार दिवस नुसती टाळी द्या. बॅकिंग ट्रॅक (नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग) लावा, ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार’ असं बाराव्या बारपर्यंत मोठ्याने मोजा. पाचवा आणि नववा बार आला हे न मोजता कानाला कळायला लागलं, की वाजवायला घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मग दोन महिन्यांनी तेच विचारतात, की सगळे लिक (ठरलेले छोटे सुरांचे तुकडे) येतात पण ट्रॅकवर बसत का नाहीत.

एका वेळी एकच सूर लागत नाही, शेजारचा होल वाजतोच.

हार्प ओठांच्या टोकावर धरलेली असते म्हणून. ती तोंडात आत घ्या, इतकी की वरच्या ओठाने वरचा पत्रा अर्धा तरी झाकला जाईल. ओठांची आतली ओली कड होलाला लागली पाहिजे. हार्पची मागची बाजू थोडी वर उचला. मान सरळ ठेवा. हार्प तोंडाकडे आणायची, तोंड हार्पकडे न्यायचं नाही. गाल फुगवू नका.

दुसरी रीत जिभेची. तोंड चार होलांवर ठेवून डावीकडचे तीन जिभेने झाकायचे, उजवीकडचा उघडा. हिने सूर जाड लागतो आणि पुढे सप्तकही वाजवता येतं (२-३ झाकून १ आणि ४ एकदम ओढा, दोन्हीकडे प). पण पहिले दोन महिने ओठांनीच वाजवलंत तरी चालेल.

दोन नंबरचा होल ओढला की गुदमरल्यासारखा आवाज येतो. पीस खराब आहे का?

जवळजवळ कधीच नसतो. जगभरातले नवशिके याच होलावर अडतात आणि हार्प परत करायला निघतात.

अशी परीक्षा करा. १, २, ३ एकदम, अगदी हळू ओढा. तिघांत दुसरा स्वच्छ ऐकू येत असेल तर पत्ती ठीक आहे. आता तोच श्वास चालू ठेवून ओठ हळूहळू २ वर मिटत आणा. तुटला की पुन्हा तिघांपासून सुरू. तुम्ही नकळत जबडा आवळता, जीभ मागे जाते आणि अर्धवट बेंड होतो, म्हणजे सूर वाकतो. २ ची पत्ती वाकायला फार तयार असते, म्हणून तीच आधी अडते. जांभई देताना जसा उघडतो तसा घसा मोकळा करा आणि नाक बंद आहे याची खात्री करा. श्वास पोटातून घ्या, गालांनी चोखू नका.

आणि हो, सराव कूलरसमोर नको. कूलरच्या आवाजात ओठांतून गळणारी हवा ऐकूच येत नाही, त्यामुळे चूक पक्की होते.

बेंड येत नाही तोवर आपल्या मनाने वाजवायला थांबायचं का?

अजिबात नाही. २ ओढ, ४ फुंक, ४ ओढ, ५ ओढ, ६ फुंक. सा म प नि सां. एकही सूर वाकवायचा नाही आणि पाचही सूर बाराच्या बारा बारांत खपतात. एवढ्यावर महिनाभर खेळता येतं, आणि खेळलं पाहिजे.

पण नेमकं काय वाजवू? मोकळं सोडलं की डोकं बंद पडतं.

मोकळं सोडलंय म्हणूनच बंद पडतं. बंधन घालून घ्या.

पहिला आठवडा एकच सूर, २ ओढ. अख्खे बारा बार तेवढ्यावरच. लांब, तोकडा, दोनदा टोचलेला, उशिरा आलेला, मध्ये मोकळी जागा सोडलेला. कंटाळा येईल, आणि त्या कंटाळ्यातूनच लयीची कल्पना सुचायला लागते. दुसऱ्या आठवड्यात ४ ओढ आणि ४ फुंक मिळवा. तिसऱ्यात ५ ओढ.

बरोबरीने एक नियम पाळा. दोन बार वाजवा, दोन बार गप्प बसा. गप्प असताना पाय आणि मोजणी चालू ठेवा. ब्लूजमध्ये गायक ओळ म्हणतो आणि हार्प त्या रिकाम्या जागेत उत्तर देते. सवाल-जवाब ज्याने ऐकलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ती जागा सोडायची सवय सुरुवातीलाच लागली नाही, तर पुढे सूर वाढतात आणि बोलणं मात्र होत नाही.

आणि वाजवण्याआधी तो तुकडा तोंडाने गुणगुणा. गुणगुणता आला नाही तर तो तुमचा नव्हे, बोटाओठांच्या सवयीचा आहे.

एखादा पूर्ण फेरा लिहून द्याल का?

हा घ्या. प्रत्येक बारच्या चार मात्रा ओळीने दिल्या आहेत.

बार १ : गप्प, ४ ओढ, ४ फुंक, ३ ओढ
बार २ : २ ओढ तीन मात्रा धरून, चौथी गप्प
बार ३, ४ : गप्प
बार ५ : गप्प, ४ ओढ, ४ फुंक, ४ फुंक
बार ६ : २ ओढ तीन मात्रा, चौथी गप्प
बार ७, ८ : गप्प
बार ९ : गप्प, ४ ओढ, ५ ओढ, ४ ओढ
बार १० : ४ फुंक तीन मात्रा, चौथी गप्प
बार ११ : २ ओढ चार मात्रा
बार १२ : १ ओढ दोन मात्रा, मग गप्प

पाठ झाल्यावर यातली एकच गोष्ट बदला, तीही लयीत. पहिला सूर दुसऱ्या मात्रेऐवजी अर्धी मात्रा उशिरा आणा. पुढच्या फेऱ्यात शेवटचा सूर तोडून टाका. सूर तेच ठेवून पाच वेगवेगळे फेरे वाजले, की तुम्ही सुचेल तसं वाजवायला लागलात. वेगळं असं काही त्यात नसतं.

बार ५ मध्ये ३ ओढ का गाळला?

कारण तिथे खाली सी चा कॉर्ड आलेला असतो. ३ ओढ म्हणजे सरळ शुद्ध ग, पाश्चात्य नावाने बी. ब्लूजमध्ये हा कॉर्ड बहुधा सी सेव्हन असतो. त्यात सी आहे, बी-फ्लॅट आहे, आणि बी त्या दोघांच्या मधोमध अडकून खुपतो. ‘सूर बरोबर वाजवले तरी मध्येच बेसूर का वाटतं’ या तक्रारीचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच निघतं. ५, ६ आणि १० या बारांत ३ ओढ सरळ वाजवू नका. अर्धा सूर वाकवता आला, तर मात्र तोच होल तिथे सगळ्यांत गोड लागतो.

आपल्या संगीतातून येणाऱ्याला हे नवं असतं. तानपुरा बदलत नाही. इथे सा तोच राहतो आणि खालची जमीन बदलते, म्हणून चौथ्या बारमध्ये शोभलेला सूर पाचव्यात टोचू शकतो.

मग रागांचा अभ्यास उपयोगी पडतो की आड येतो?

कानाला फार उपयोगी. धानी रागाचे पाच सूर, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, हेच ब्लूजचं हाडपेर आहे. ब्लूजमध्ये त्याला तीव्र मध्यम जाता-येता लागतो. जोगमध्ये शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार लागतात, आणि ज्याच्या कानात जोग आहे त्याला ३ ओढ वाकवून सोडताना काय घडतंय ते लगेच कळतं. ब्लूजचा गंधार खरं तर पक्का कोमलही नसतो. तो थोडा चढा, शुद्धाकडे झुकलेला असतो आणि त्याच्या मधल्या जागेतच सगळी कळ आहे. ट्यूनरवर बरोबर कोमल दाखवणारा सूर पुष्कळदा मिळमिळीत वाटतो.

आड येते ती सलग वाजवायची ओढ. आलापीतली लांब मींड आणि तानांची भर इथे तशीच आणली तर बारांच्या सीमा पुसल्या जातात. हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या गाण्यातून आलं. त्यातली ओळ बोलण्यासारखी तुटक असते. ती ऐकून-ऐकून उचलावी लागते.

सूर वाकवायचा कसा?

आधी आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे जोर लावायचा मोह होणार नाही. प्रत्येक होलात दोन पत्त्या आहेत, एक फुंकीची, एक ओढीची. १ ते ६ मध्ये ओढीचा सूर वरचा. तोंडातली पोकळी मोठी केली की ओढीची पत्ती खाली येते आणि फुंकीची पत्तीही तिच्याबरोबर हलायला लागते. सूर फुंकीच्या सुराच्या वर अर्ध्या सुरापर्यंतच उतरतो. म्हणून ४ वर एकच बेंड, २ वर दोन, ३ वर तीन. ५ वर दोन्ही सुरांत मुळात अर्ध्याच सुराचं अंतर, त्यामुळे तिथे पुरता बेंड नाहीच. तो शोधत बसू नका.

सुरुवात ४ ओढ पासून करा. सूर स्वच्छ लावा. मग ‘ई’ म्हणतानाची जीभ ‘ऊ’ म्हणतानाच्या जागी हळूहळू मागे-खाली न्या. जबडा किंचित सोडा. श्वासाचा जोर तेवढाच. तोंडाने शीळ आत ओढून तिचा सूर उतरवता येत असेल, तर जिभेची हालचाल तीच आहे.

अनेकांना पहिला बेंड लागायला दोन ते सहा आठवडे जातात. या काळात होणारी एकच घातक चूक म्हणजे जोराने ओढणं. त्याने सूर वाकत नाही, पत्ती थकते. ४ किंवा ५ ची ओढ कायमची उतरलेली आढळली, तर कारण बहुधा हेच. ४ नंतर १, मग २, आणि ३ सर्वांत शेवटी. ३ वर कुठेतरी खाली घसरणं सोपं असतं, पण हव्या त्या जागी थांबायला महिने लागतात. पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या अॅपवर सूर लावून त्याला मिळवत बसा.

मिनिटभरात छाती भरते आणि दम कोंडतो.

ओढीचे सूर जास्त आणि फुंकीचे कमी, त्यामुळे हवा आत साठते. दम कमी पडत नाही, तो बाहेर पडायला जागा मिळत नाही. वर फेऱ्यात ज्या मात्रा गप्प सोडल्या आहेत तिथे नाकाने पूर्ण उच्छ्वास टाका. ४ फुंक मिळाला की तिथेही भरपूर हवा सोडा. सूर हळू वाजवायची सवय लागली की हा त्रास निम्म्याने कमी होतो.

गिटारवाला मित्र ई मध्येच वाजवतो. माझी सी ची हार्प चालेल?

नाही. त्याच्या स्केलला सा धरा आणि मध्यमापर्यंत मोजा. तो सूर तुमच्या हार्पचा. ई साठी ए, ए साठी डी, जी साठी सी. गिटारवाल्यांना ई आणि ए आवडतात, म्हणून दुसरी हार्प ए ची घ्या आणि तिसरी डी ची. होल आणि श्वास तेच राहतात, नवं काही शिकावं लागत नाही.

रोज किती वेळ?

पंधरा मिनिटं, दोनदा. सलग तासभर केलंत तर ओठ सुजतात आणि चुका घट्ट होतात.

कोणाला ऐकावं?

सनी बॉय विल्यमसन दुसरा (राइस मिलर म्हणूनही ओळखला जाणारा) आधी. तो किती कमी वाजवतो आणि किती थांबतो ते बघा. जिमी रीड साधा आहे, त्याच्याबरोबर वाजवता येतं. सनी टेरीकडून ठेका घ्या. लिटल वॉल्टर (१९३० ते १९६८) मायक्रोफोन हार्पसकट मुठीत धरून अँप्लिफायरमधून वाजवायचा. त्याच्यासारखं व्हायची घाई नको, पण रोज ऐका. एका वेळी एकच रेकॉर्डिंग घ्या आणि त्यातले दोन बार तोंडपाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणि थंडीत काय सांभाळायचं?

गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं आणि ओठ हार्पवर अडकतात. आधी घोटभर पाणी प्या. डिसेंबरच्या सकाळी उलट अडचण. थंड पत्तीवर श्वासातली वाफ जमते आणि सूर चिकटतो, म्हणून पाच मिनिटं मुठीत धरून ऊब द्या. पावसाळ्यात वाजवून झालं की होल खाली करून तळहातावर चार-पाचदा आपटा आणि अर्धा तास डबी उघडी ठेवा. अंबाझरी तलावाच्या काठी वाजवायला छान वाटतं, पण उघड्यावर आवाज विरतो आणि माणूस नकळत जोर लावतो. शिकण्याचे पहिले महिने चार भिंतींतच.

तर्री पोहे, सावजी, खर्रा… खाल्ल्यावर लगेच वाजवलं तर?

चूळ भरल्याशिवाय नको. तेलाचा थर पत्तीवर बसला की सूर दबतो. खर्रा तर हार्पचा वैरीच. सुपारीचा बारीक कण पत्ती आणि पट्टीच्या फटीत अडकतो आणि तो होल साफ मुका होतो. तसं झालं तर वरचा पत्रा स्क्रू काढून उघडा, टूथपिकने कण अलगद सरकवा, आणि ते रिव्हेटकडून (जिथे पत्ती पट्टीवर ठोकलेली असते) पत्तीच्या मोकळ्या टोकाकडेच. उलट दिशेने किंवा आडवं गेलात तर पत्ती वाकते. प्लास्टिकचा कोंब असेल तर कोमट पाण्याखाली धुवून झटका, लाकडी असेल तर पाणी लावू नका.

मित्रांच्या मैफलीत पहिल्यांदाच वाजवणार आहे.

स्केल आधी विचारा आणि हार्प त्याप्रमाणे काढून ठेवा. पहिला फेरा नुसता ऐका. गाणारा गात असताना थांबा आणि बार ३-४, ७-८ मध्ये दोन-तीन सुरांचं उत्तर द्या. तुमची पाळी आली तर एकच फेरा घ्या, दोन नको. मध्ये चुकलात तर सूर शोधत बसू नका. २ ओढ धरा, पुढचा बार येऊ द्या आणि तिथून उचला. बाराव्या बारच्या तिसऱ्या मात्रेआधी थांबा, म्हणजे पुढच्याला आत यायला जागा मिळते.